संत्र्याच्या बीवरचे तीन आरोप

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या बाजारात आली की व्हॉट्सॲपवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. त्यात तीन दावे आहेत: बिनबियांचे संत्रे जनुके बदलून केलेले असते, संत्र्याची बी पेरली तर भलतेच झाड उगवते, आणि कलम ही केवळ रोपवाटिकांनी लादलेली सक्ती आहे.

पहिला दावा लवकर निकालात निघतो. भारतात जनुकबदल केलेल्या संत्र्याच्या लागवडीला मान्यताच नाही. विदर्भाच्या ओळखीचे तसे पीक म्हणजे 2002 मध्ये मान्यता मिळालेला बीटी कापूस. लिंबूवर्गातील कित्येक वाणांत फलन न होताही अंडाशय वाढून बिनबियांचे फळ तयार होते.

दुसरा दावा बहुधा आंब्यावरून उचललेला दिसतो. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, हे खरेच आहे; परंतु संत्र्याच्या एकाच बीत बहुधा अनेक भ्रूण असतात. सूक्ष्मदर्शकातून निरीक्षणे करणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी 1719 मध्येच संत्र्याच्या एका बीत दोन भ्रूण पाहिले होते, आणि भिजवलेल्या बीची साले काळजीपूर्वक सोलली तर ते आपल्यालाही दिसू शकतात. यांतील एखादाच भ्रूण परागण आणि फलनातून जन्मतो. बाकीचे बीजांडातील (ज्याची पुढे बी होते त्या भागातील) प्रदेह या ऊतीपासून, म्हणजे निव्वळ आईच्या पेशींपासून तयार होतात, आणि म्हणून त्यांची रोपे जनुकांनी आईसारखीच असतात. हा प्रदेह फार जुना आहे. नेच्यांचे बीजाणू, म्हणजे प्रजननाच्या सूक्ष्म पेशी, त्या ज्या पिशवीत तयार होतात तिच्यातून बाहेर पडून विखुरतात. सुमारे 36 कोटी वर्षांपूर्वी मात्र काही वनस्पतींनी मादी बीजाणू पिशवीतच राखला, पिशवीभोवती आवरण वाढवले, आणि त्यातून बी घडली. त्या पिशवीचाच वारस असलेला प्रदेह संत्र्यात स्वतःच भ्रूण घडवतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

तिसऱ्या दाव्याबाबत एवढेच, की बीपासून वाढलेले झाड काटेरी असते आणि फळाला बरीच अधिक वर्षे लावते, तर कलमात खुंट, म्हणजे मुळांसह खालचे रोप, जमीन आणि डिंक्या (बुंध्यातून डिंक गळण्याचा) रोग लक्षात घेऊन निवडता येतो. शिवाय डोळा भरण्यासाठी, म्हणजे हव्या त्या वाणाची कळी खुंटावर बसवण्यासाठी, लागणारा जंबेरी या लिंबूवर्गीय झाडाचा खुंटही बी पेरूनच तयार होतो, कारण त्याची रोपे बहुतांशी एकसारखी निघतात. वेगळ्या पानांची किंवा खुरटी रोपे वाफ्यातून उपटून टाकली जातात. फलनातून जन्मलेली संतती बऱ्याचदा त्यांतच असते.