नाक जितकं आत, तितकी जात शुद्ध?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभरात एकच मेसेज चार वेळा फिरला. चौथ्यांदा तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकला आणि खाली लिहिलं, 'नातीसाठी घ्यायचा विचार आहे, जाणकारांनी सांगावे.' मी काही जाणकार नाही. पण घरात सहा वर्षांचा पर्शियन बोका आहे, नाव चक्का, आणि त्या मेसेजमधल्या निम्म्या चुका माझ्या हातून होऊन गेल्या आहेत. मेसेज असा:

'पर्शियन मांजर हजारो वर्षांपूर्वी इराणच्या राजवाड्यात जन्मली. नाक जितकं आत तितकी जात शुद्ध, म्हणून पंच फेसच घ्या. उन्हाळ्यात केस भादरून टाकले की एसी लागत नाही. इतकी शांत की घरात आहे हे कळतही नाही. ट्रिपल कोटला आठवड्यातून एक आंघोळ पुरते. दूधभात, दहीभातावर मस्त राहते, शाकाहारी घरांना उत्तम.'

इराणचं आधी उरकून घेऊ. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या रोमच्या प्रवाशाने 1620 च्या सुमारास इराणकडच्या खोरासान प्रांतातल्या लांब रेशमी केसांच्या मांजरींबद्दल लिहून ठेवलं आहे, एवढं खरं. पण त्याच काळात लांब केसांच्या मांजरी तुर्कस्तानातल्या अंगोऱ्याहूनही (आजचं अंकारा) युरोपात पोचल्या, पुढे सगळ्यांची सरमिसळ झाली, आणि आजची पर्शियन घडली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात. हॅरिसन वेअर या इंग्रज चित्रकाराने 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं प्रदर्शन भरवलं, तिथून जातींचे नियम, नोंदी वगैरे सुरू झालं. 2008 मध्ये मांजरांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात पर्शियनचं नातं पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरींशी जुळलं, इराणच्या बाजूच्या मांजरींशी नाही. इराण्याच्या हॉटेलातला बनमस्का जेवढा इराणी, तेवढीच ही.

आता नाक. खरा घोळ इथे आहे, आणि पैसेही इथेच जास्त मोजले जातात. आपल्याकडे विकणारे तीन प्रकार सांगतात: डॉल फेस, सेमी पंच आणि पंच. भाव याच क्रमाने चढतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पर्शियनची चित्रं आणि फोटो पाहिले तर नाक इतर मांजरांसारखं पुढे आलेलं दिसतं. म्हणजे स्वस्तातली डॉल फेसच जुन्या ठेवणीची. आत गेलेलं नाक विसाव्या शतकात अमेरिकेत माणसांनी पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून आणलं. ब्रिटनच्या जीसीसीएफ या नोंदणी संस्थेच्या नियमात तर नाकाची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेपेक्षा वर गेलेली चालत नाही. आपल्याकडे ज्याला 'एक नंबर पंच' म्हणून मिरवतात, त्यातली कितीतरी पिल्लं तिथे बाद होतील.

हाडं आखडली म्हणून आतलं मांस त्या मापात आखडत नाही. नाकपुड्या चिमटलेल्या राहतात, टाळूचा मऊ भाग श्वासाच्या वाटेत येतो, दातांची दाटी होते, डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळी मुडपते. मग ते पाणी गालावर वाहतं आणि तपकिरी ओघळ पडतात. चक्का तर नुसता सेमी पंच आहे. तरी रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की दुसऱ्या हाताने कोमट पाण्यात कापूस भिजवून त्याचे डोळे पुसावे लागतात. दोन दिवस चुकलं तर खपली धरते आणि खालची कातडी लाल होते. खायला पसरट बशी लागते, खोल वाटीत त्याचं तोंडच पोचत नाही.

भादरण्याचा सल्ला मी एका एप्रिलमध्ये ऐकला होता. ग्रूमिंगवाल्याने मशीन फिरवून चक्क्याचं सोललेलं शहाळं करून दिलं. मे महिन्यात दुपारी वीज गेली, खाडीकडून येणारी हवा दमट आणि जड, आणि अर्ध्या तासात हा तोंड उघडून धापा टाकायला लागला. मला आधी गंमत वाटली, कुत्र्यासारखा करतोय म्हणून. मांजर तोंड उघडून धापायला लागली की गंमत संपलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओला टॉवेल गुंडाळून रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'याला केसांनी नाही, नाकाने अडवलंय.' मांजरीला घाम सुटतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग ती चाटून गार करते आणि फारच झालं तर धापून. धापायची वाटच अरुंद असेल तर अंगावर केस असोत नसोत, दमट हवेत तिची दमछाक होते. गुंते फार झाले असतील किंवा शेपटीखाली घाण लागत असेल तर तेवढेच केस कापणं वेगळं. एसीची सोय नसलेल्या घरी पंच आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'शांत' म्हणाल तर बहुतेक पर्शियन खरंच शांत असतात. चक्का पडद्यावर चढत नाही, हाक मारली तर फक्त कान हलवतो. पण मांजर दुखणंही असंच गप्प राहून काढते. या जातीत पीकेडी नावाचा मूत्रपिंडाचा आनुवंशिक आजार आहे: पाण्याने भरलेल्या गाठी जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात, आणि पाणी जास्त पिणं, वजन उतरणं ही लक्षणं बऱ्याचदा मधल्या वयात दिसतात. आई-बापांपैकी एकाकडे दोष असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. त्याचं जनुक 2004 मध्ये सापडलं. त्याआधी अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्समध्ये झालेल्या पाहण्यांत तिनातल्या एकीहून जास्त पर्शियनमध्ये हा आजार आढळला होता. आता गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या काडीवर तपासणी होते, सोनोग्राफीतही गाठी दिसतात.

ट्रिपल कोट हा निव्वळ दुकानदारी शब्द. राठ, मधले आणि मऊ असे तीन तऱ्हेचे केस मासळी बाजारातल्या बोक्यालाही असतात. पर्शियनमध्ये आतली लोकर दाट असते, म्हणून रोज स्टीलच्या कंगव्याने थेट कातडीपर्यंत विंचरावं लागतं, काखेत आणि पोटाखाली आधी. गुंता न सोडवता आंघोळ घातली तर तो आवळून जट होते. आणि पावसाळ्यात अंग पूर्ण सुकलं नाही तर बुरशी. या जातीला गजकर्ण लवकर धरतं, आणि ते माणसालाही लागतं. माझ्या मनगटावर गोल चट्टा उठला तेव्हा दोघांची औषधं शेजारी शेजारी ठेवली होती.

दहीभाताबद्दल थोडक्यात. मांजरीला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीत असतं, डाळ-भातात नसतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये सिद्ध झाला. दुधाने मोठ्या मांजरींचं पोट बहुधा बिघडतंच, आणि लांब केसांच्या मांजरीचं पोट बिघडलं की पुढचं काम काय असतं, ते लिहीत नाही. घरात मांसाहारी खाणं आणायचंच नसेल तर ससा पाळा.

हे सगळं काकांना जिन्यात सांगितलं. म्हटलं, डॉल फेस बघा, आठ आठवड्यांखालचं पिल्लू घेऊ नका, तसं विकायला 2018 पासून नियमानेच बंदी आहे, आणि आई-बापांचा पीकेडीचा रिपोर्ट मागा. काकांनी तिथल्या तिथे विकणाऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

'रिपोर्ट कसला, काका,' पलीकडून आवाज आला, 'पिल्लू बघा ना, नाक पूर्ण आत आहे.'