नवा गडी ठेवताना

अभिनंदन! तुमच्याकडे अखेर रोबो आला. पोळपाटाएवढा, काळा, गोल, केर काढणारा आणि जाहिरातीवर विश्वास ठेवला तर फरशीही पुसणारा. पण त्याला लगेच कामाला जुंपू नका. आपण शिकलेली माणसं, आधी नैतिक पेच पडायला हवा. यंत्राला नोकरासारखं राबवणं योग्य का? उद्या त्याला जाणीव फुटली तर? हे प्रश्न शक्यतो रविवारी सकाळी, सोफ्यावर मांडी घालून, चहा घेता घेता पाडून घ्यावेत. चहाची भांडी कोण घासणार हा प्रश्न नैतिक नाही, घरगुती आहे. तो मध्ये आणू नये.

चर्चेत वजन पडावं म्हणून सांगून ठेवतो. ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने राबणं. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. म्हणजे आपण ज्याला भविष्यकाळ समजतोय त्याचं अस्सल मराठी नाव वेठबिगार. इथपर्यंत सांगून थांबा. वेठबिगारी आपल्याकडे कायद्याने १९७६ सालीच बंद झाली, हे ओघात बोलून गेलात तर कुणीतरी वीटभट्टीचा विषय काढतं आणि रविवार नासतो. नाटकातले रोबो शेवटी बंड करून माणसांचा निकाल लावतात, हे मात्र जरूर सांगा. त्या भीतीला एक प्रतिष्ठा आहे. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा मानवजात धोक्यात आल्याचं कुणाला वाटलं नाही. भांडी तेवढी साठली असतील.

मग येतो संबोधनाचा प्रश्न. यंत्राशी अरे-तुरे करावं की अहो-जाहो? इंग्रजीवाले ‘यू’ म्हणून सुटतात, मराठीने ही सोय ठेवलेली नाही. आमचे एक शेजारी चॅटबॉटला ‘कृपया आपण मला एक अर्ज लिहून द्याल का’ असं टाइप करतात आणि त्याच बैठकीत खिडकीतून साठीच्या वॉचमनला ‘ए, गाडी पुसली का रे?’ म्हणून हाक मारतात. मी कारण विचारलं. म्हणाले, ‘उद्या यांचंच राज्य येणार, आत्तापासून जपलेलं बरं.’ वॉचमनचं राज्य येण्याची शक्यता त्यांनी पूर्ण अभ्यासाअंती निकालात काढलेली आहे. ते एकटे नाहीत. लोकांच्या ‘प्लीज’ आणि ‘थँक्यू’पायी काही कोटी डॉलर खर्च होतात, पण ते सत्कारणीच लागतात, असं चॅटजीपीटीवाले सॅम ऑल्टमन २०२५ साली म्हणाले होते. सौजन्य आटलेलं नाही हो, कालव्याने दुसरीकडे वळवलंय. आणि हा चॅटबॉट इतका सोवळ्यात बोलतो तो काही उपजत गुण नव्हे. तो घडत असताना केनियातल्या कामगारांनी तासाला दोन डॉलरहून कमी पैशांत इंटरनेटवरची घाण वाचून वाचून बाजूला काढली. केर तिथेही माणसांनीच काढला.

लिफ्टचं आधी विचारून घ्या. आमच्या सोसायटीत ‘कामवाल्या बायका, ड्रायव्हर व डिलिव्हरी बॉय यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी’ अशी लॅमिनेट केलेली सूचना आहे. रोबोचं खोकं आलं तेव्हा थोडा घोळ झाला. खोकं मुख्य लिफ्टने येऊ शकलं असतं, पण त्याला आणणारा मुलगा सोबत होता, त्यामुळे बिचाऱ्याला मालाच्या लिफ्टने यावं लागलं. बिचारा म्हणजे रोबो. पुढे दुरुस्तीला नेताना मी त्याला कडेवर घेऊन आरशाच्या लिफ्टने उतरलो. सेक्रेटरी भेटले. ‘वा, केवढ्याला पडला?’ म्हणाले आणि मध्ये जागा करून दिली.

पगाराची चिंता नको. आपल्या पूर्वजांनी सालगड्याची पद्धत घालून दिलेली आहेच, पाडव्याला बोली ठरवायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत राबवायचं. रोबोचं सबस्क्रिप्शनही सालाचंच. फक्त इथे उचल गडी घेत नाही, कंपनी घेते, आणि आपण कुरकुर न करता देतो. दीड तास काम केलं की तो आपणहून कोपऱ्यात जाऊन चार्जिंगला बसतो. याला म्हणायचं ‘किती स्मार्ट आहे!’ मावशी पंख्याखाली पाच मिनिटं टेकल्या तर त्याला दुसरा शब्द आहे. त्याचं चाक बिघडलं तर एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार असतो, मावशींचा गुडघा बिघडला तर खाडा असतो. खाडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मांडायचे, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी. आमचा रोबो तेरा दिवस दुरुस्तीला पडून होता, कॅलेंडर कोरं. राज्याने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली केलाय, हे ठाऊक नसेल तर उगाच ठाऊक करून घेऊ नका. खंडेनवमीला मात्र रोबोला झेंडूचा हार, हळदकुंकू अवश्य. कुंकू सेन्सरवर जाऊ देऊ नका. गेल्या वर्षी आमचा देवघरासमोर स्वतःभोवतीच फिरत राहिला आणि आईने हात जोडले.

रोबोचा मोठा फायदा म्हणजे तो या घरच्या गोष्टी त्या घरी सांगत नाही. मावशींपुढे आपण आवाज खाली आणतो, याच्यापुढे काय लपवायचं? चाचणीसाठी दिलेल्या ‘रूम्बा’ नावाच्या केर काढणाऱ्या काही रोबोंनी २०२० साली घरांमधले फोटो टिपले, त्यांत संडासात बसलेली एक बाईही होती, आणि फोटोंना लेबलं लावणाऱ्या व्हेनेझुएलातल्या कंत्राटी कामगारांनी ते आपापल्या ग्रुपांवर टाकले, एवढंच. वापरणाऱ्यांनी लेखी संमती दिली होती, असं कंपनीचं म्हणणं. व्हेनेझुएला लांब आहे. मावशी चौथ्या मजल्यावरच जातात.

पैसे साठवू शकत असाल तर थोडं थांबा, हातापायांचा गडी येतोय. वन-एक्स नावाच्या कंपनीने ऑक्टोबर २०२५मध्ये ‘निओ’ची नोंदणी सुरू केली, किंमत २०,००० डॉलर. त्याला एखादं काम जमलं नाही तर कंपनीचा माणूस दूर कुठेतरी रोबोला दिसतं ते दाखवणारा चष्मा डोळ्यांवर चढवून, त्याच्या हातांतून ते करून देणार. तमिळनाडूत करूरला माणसं कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलांच्या घड्या घालतात, पुन्हा मोडतात, पुन्हा घालतात, म्हणजे ते बघून यंत्रं शिकतील. हे ऐकून माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. पिढ्यानपिढ्या आपल्याला हेच हवं होतं. हात घरात, माणूस घराबाहेर. त्याला पाणी विचारायला नको. खिडकीतला तो कान तुटलेला, मावशींचा म्हणून ठेवलेला कपही आता टाकून देता येईल.

आणि हो, मावशींना काढावं लागेल या कल्पनेने हळवे होऊ नका. नाही काढावं लागत. रोबोला उंबरा ओलांडता येत नाही. नव्या सुनेला जमतं ते याला जमत नाही. त्यामुळे मावशी त्याला उचलून खोलीतून खोलीत नेतात. त्याआधी खुर्च्या टेबलावर चढवतात, वायरी वर घेतात, पायपुसणी गोळा करतात, तेव्हा कुठे तो केर काढतो. मग त्याचा डबा त्या रिकामा करतात. केराचं काम गेल्यामुळे आम्ही त्यांचे दोनशे रुपये कमी करणार होतो, पण मन मोठं केलं आणि पगार तोच ठेवला.

परवा तो सोफ्याखाली अडकून ओरडायला लागला. मावशी पोटावर झोपून आत हात घालत होत्या. ‘मेल्या, कशाला शिरतोस रे तिथं?’ ओढून काढला, पालथा केला, ब्रशला गुंडाळलेले केस कात्रीने कापून काढले. ‘तापलाय बघा, दादा,’ असं मला म्हणाल्या आणि त्याला त्याच्या जागेवर नेऊन ठेवलं. ‘बस जरा.’ माझ्या फोनवर लगेच सूचना आली, चार्जिंग सुरू आहे, काम तीन तासांनी पुन्हा सुरू होईल.

मावशी बादली घेऊन आल्या. अशा वेळी आपण पाय वर घ्यावेत. फरशी ओली असते.