के२ घेतलं की रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम हाडांत जातं?

व्हॉट्सॲपवर बरेच दिवस फिरणारा एक मजकूर तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर कॅल्शियम हाडांत न जाता रक्तवाहिन्यांत साचतं. व्हिटॅमिन के२ हा ट्रॅफिक पोलीस आहे, तो तिथलं कॅल्शियम काढून हाडांत पाठवतो. जपानी लोक नात्तो (आंबवलेलं सोयाबीन) खातात म्हणून त्यांची हाडं मजबूत. आपल्या जेवणात के२ फक्त घरच्या तुपात. चाळिशीनंतर प्रत्येकाने गोळी सुरू करावी, अपाय काहीच नाही.

ट्रॅफिक पोलीस अगदीच हवेतून आलेला नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत मॅट्रिक्स ग्ला नावाचं एक प्रथिन असतं. ते तिथे कॅल्शियम साचू देत नाही, पण कामाला लागण्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं; के२ हा त्याचाच एक प्रकार. १९९७ साली हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या वाहिन्या कॅल्शियमने कडक झाल्या आणि ते दोनेक महिन्यांतच मेले. इथवर सगळं पक्कं आहे.

'साचलेलं कॅल्शियम निघून जातं' हा भाग आला तो २००७च्या एका प्रयोगातून. त्यात आधी वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देऊन प्राण्यांच्या वाहिन्यांत कॅल्शियम साचवलं, मग भरपूर व्हिटॅमिन के दिलं आणि साचलेलं कमी झालं. हे प्राणी होते रॅट, म्हणजे मोठ्या जातीचे उंदीर, प्रयोगशाळेत वाढवलेले. त्यांना दुखणंही व्हिटॅमिन के अडवणाऱ्या औषधानेच दिलेलं होतं, तेव्हा के दिल्यावर सुधारणा दिसली यात नवल नाही. तुमच्याआमच्या वाहिन्या वय, बीपी, साखर, तंबाखू आणि कोलेस्टेरॉलने कडक होतात.

माणसांवर काय झालं? डेन्मार्कमध्ये हृदयाच्या महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचलेल्या ३६५ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम के२ आणि सोबत व्हिटॅमिन डी दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. २०२२ साली निकाल आला: झडपेतलं कॅल्शियम दोन्ही गटांत सारखंच वाढलं. हृदयाच्या धमन्यांतही एकूण गटात ठोस फरक दिसला नाही. ज्यांच्या धमन्यांत आधीच खूप कॅल्शियम होतं त्यांच्यात वाढ थोडी मंदावल्यासारखी वाटली. ती पुन्हा तपासण्याजोगी गोष्ट आहे, पण तिथेही कॅल्शियम वाढलंच, कमी झालं नाही. रक्ताच्या तपासणीत मात्र मॅट्रिक्स ग्ला प्रथिन कामाला लागल्याचं स्वच्छ दिसलं होतं. रिपोर्ट सुधारला, झडप होती तशीच बिघडत गेली.

मग के२ खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, हे आलं कुठून? २००४च्या रॉटरडॅममधल्या अभ्यासातून. तिथे सुमारे ४,८०० लोकांच्या आहाराची नोंद ठेवली होती. जास्त के२ पोटात जाणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू कमी आढळले. पण डच माणसाला के२ मिळतं ते मुख्यतः चीजमधून. चीज खाणारे आणि न खाणारे आणखी किती बाबतींत वेगळे असतील, हे अशा नोंदींवरून पुरतं सुटत नाही. के२ची गोळी देऊन हृदयविकाराचे झटके कमी झाले, असं कुठल्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही.

आता हाडं. जपानमध्ये हाडांच्या ठिसूळपणावर के२ खरोखरच औषध म्हणून देतात, पण दिवसाला ४५ मिलिग्रॅम. आपल्याकडच्या गोळीत असतात ४५-५० मायक्रोग्रॅम, फार तर शंभराच्या आसपास. म्हणजे मात्रा कित्येक शेकडा पटीने कमी, आणि के२चा प्रकारही बहुतेकदा वेगळा. त्या मोठ्या मात्रेचीही चार हजारांहून जास्त जपानी स्त्रियांवर चाचणी झाली, आणि एकूण गटात मणक्याचे फ्रॅक्चर कमी झाले नाहीत. २००६च्या ज्या एकत्रित विश्लेषणाने के२चं नाव गाजलं, त्यातल्या काही चाचण्या योशिहिरो साटो या जपानी संशोधकाच्या होत्या. त्यांचे कितीतरी निबंध पुढे बनावट आकड्यांपायी मागे घेतले गेले. कमी मात्रेच्या युरोपीय चाचण्यांत एका डच चाचणीत हाडांची झीज थोडी मंदावली, नॉर्वे आणि डेन्मार्कमधल्या चाचण्यांत फरक पडला नाही.

तुपाचं थोडक्यात. १०० ग्रॅम लोण्यात के२ साधारण १५ मायक्रोग्रॅम, नात्तोत हजाराच्या आसपास. भातावरच्या चमचाभर तुपातून किती मिळणार? तूप चवीसाठी खा. व्हिटॅमिन केचा दुसरा प्रकार, के१, मात्र पालेभाज्यांत भरपूर असतो, १०० ग्रॅम पालकात ४८० मायक्रोग्रॅमच्या आसपास. तो शोषला जायला थोडं तेल लागतं, आणि फोडणीशिवाय पालेभाजी आपल्याकडे होते कुठे?

'अपाय काहीच नाही' हे वाक्य मात्र धोक्याचं आहे. लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन पुढे कृत्रिम झडप बसवलेली माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ती वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमरॉल (दुकानात बहुधा ॲसिट्रॉम) घेतात. ही औषधं चालतात तीच मुळी व्हिटॅमिन के अडवून. नेदरलँड्समध्ये निरोगी माणसांना ॲसेनोकुमरॉल देऊन सोबत एमके-७ जातीचं के२ दिलं, तेव्हा रोजच्या १० मायक्रोग्रॅमनेही काहींचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तपासणीतला आकडा) घसरला. आयएनआर घसरला की झडप अडकू शकते, पक्षाघात होऊ शकतो.

अशा रुग्णाने पालेभाजी बंद करायची गरज नसते. ती दर आठवड्याला साधारण सारखीच खावी, म्हणजे औषधाची मात्रा तिच्याशी जुळवता येते. ॲपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना व्हिटॅमिन केची अडचण नाही, पण यांत्रिक झडप असलेल्यांना त्या चालत नाहीत. तेव्हा घरात कुणी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमवर असेल, तर त्यांच्या कॅल्शियमच्या पट्टीची मागची बाजू वाचा. मेनाक्विनोन-७, एमके-७, के२-७ यांपैकी काहीही लिहिलेलं दिसलं तर डॉक्टरांना लगेच कळवा. गोळी आधीपासून चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, कारण त्यानेही आयएनआर हलतो, उलट्या दिशेने.