मेंदूच्या डॉक्टरची पाटी

तालुक्याच्या गावात औषधाचं दुकान चालवणाऱ्याने डॉक्टरांच्या पाट्यांवर बोलणं म्हणजे आपल्याच ताटात माती कालवणं. नागपूरचे किंवा यवतमाळचे मोठे डॉक्टर ज्या मेडिकलच्या मागच्या खोलीत बसतात, त्या मेडिकलचा त्या दिवशीचा गल्ला वेगळाच असतो. हे मला कोणी सांगावं लागलेलं नाही, मी त्याच धंद्यात आहे. तरी बोलतो. डॉक्टरांची गाडी परत गेली की पेशंटचे प्रश्न माझ्या काउंटरवर येतात, आणि त्यातले निम्मे प्रश्न पाटी नीट लिहिली असती तर पडलेच नसते.

सध्या पांढरकवडा, घाटंजी, झरी, मारेगाव या आमच्या पट्ट्यात मेंदूच्या डॉक्टरांच्या फ्लेक्सचा हंगाम आहे. चांगलीच गोष्ट आहे. फिट येणाऱ्या पोराला घेऊन बापाने पहाटेच्या एसटीने नागपूर गाठायचं, धंतोली नाहीतर रामदासपेठेत नंबर लावायचा, आणि एमआरआय उद्या म्हटलं की रात्र एखाद्या नातेवाइकाच्या दारात काढायची, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आता तोच डॉक्टर महिन्यातून एकदा इथे येऊन बसतो. जे असे येतात त्यांना माझा नमस्कार आहे, आणि पुढचं सगळं वाचताना तो ध्यानात असू द्या.

पण तो फ्लेक्स बघा. अर्ध्या भागात फोटो. त्याखाली ‘सुप्रसिद्ध मेंदू, मणका व नसरोग तज्ज्ञ’. मग रोगांची यादी: अर्धशिशी, फिट, लकवा, कंपवात, चक्कर, हातापायाला मुंग्या, विसरभोळेपणा, कंबरदुखी. गावातला एकही माणूस सुटू नये अशी यादी. डिग्री कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरात. रजिस्ट्रेशन नंबर बहुतेक वेळा नाहीच.

मग लोक मला विचारतात, “भाऊ, हा डॉक्टर नसाचा हाये का डोक्शाचा?” हसण्यासारखा प्रश्न नाही हा. कारण ‘न्यूरो’ एवढंच बघून माणूस आत जातो आणि चुकीच्या खोलीत पाचशे-हजार रुपये घालवून बाहेर येतो.

तर एकदा सांगून टाकतो. एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. त्यावर एमडी मेडिसिन, किंवा लहान मुलांचं एमडी, तीन वर्षं. त्याच्याही वर डीएम न्यूरोलॉजी, आणखी तीन वर्षं. मधल्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत गेलेला काळ सोडून ही साडेअकरा वर्षं झाली. डीएमच्या ऐवजी डीएनबी किंवा डीआरएनबी न्यूरोलॉजी असेल तर नाक मुरडू नका, तीही त्याच दर्जाची मान्य पदवी आहे. हा न्यूरोलॉजिस्ट, पाटीवर बरेचदा न्यूरोफिजिशियन लिहिलेला असतो. हा औषधाने उपचार करतो. डोक्यात गाठ आहे, मोटरसायकलवरून पडून आत रक्त साचलं आहे, मणक्याची गादी सरकून पाय लुळा पडतो आहे, तर लागतो न्यूरोसर्जन, म्हणजे ऑपरेशन करणारा, आणि त्याच्या नावापुढे एमसीएच किंवा त्याच तोलाचं डीएनबी, डीआरएनबी न्यूरोसर्जरी असतं. मानसोपचारवाला डॉक्टर तिसरा. आणि न्यूरो फिजिओथेरपिस्ट हा चौथा, ज्याला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. लकव्यानंतर हात-पाय पुन्हा चालते करण्यात त्याची मेहनत मोठी असते. फक्त फिटची गोळी सुरू करणं किंवा तोडणं हे त्याचं काम नाही.

नावापुढे एफ, पी, सी अशा अक्षरांची लांब शेपटी असेल तर जरा थांबून वाचा. काही फेलोशिप खरोखर वर्षा-दोन वर्षांच्या आणि कष्टाच्या असतात, काही प्रमाणपत्रं मात्र थोड्या दिवसांच्या कोर्सची असतात, आणि फ्लेक्सवर दोन्ही एकाच जाडीच्या अक्षरात येतात. उलट बाजूही सांगतो. साधा एमडी मेडिसिन डॉक्टर ‘न्यूरो’ न लिहिता गावात बसून वर्षानुवर्षं फिटचे पेशंट नीट सांभाळतो आहे, अशी माणसं आमच्या जिल्ह्यात आहेत. मला ती मोठी वाटतात.

पाटीवर काय असावं नि काय नसावं, यातलं काहीच माझ्या पदरचं नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ सालचे नियम आहेत. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, ते त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले. त्यात लिहिलं आहे की रजिस्ट्रेशन नंबर दवाखान्यात, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर आणि पैशाच्या पावतीवर असलाच पाहिजे. नावापुढे मान्य पदव्या, नाहीतर खरोखर वैद्यकीय ज्ञान देणारी प्रमाणपत्रं आणि सन्मान, एवढंच लावायचं. त्या शाखेची खास पदवी नसेल तर तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. फी किती, ते जिथे बसतात आणि जिथे व्हिजिटला जातात तिथे फलकावर लावायचं. पाटी अवाढव्य नको आणि तिच्यावर नाव, पदव्या, शाखा, नंबर, कौन्सिलचं नाव यापलीकडे काही नको. आणि, हसू नका, औषधाच्या दुकानावर पाटी लावणं गैर आहे. हे कलम मी माझ्या दुकानाच्या शटरपाशी उभा राहून वाचलं. शटरच्या वर काय लावलेलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

नंबर मिळाला की तपासायला वकील लागत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर देशभरच्या डॉक्टरांची नोंदवही आहे. नाव किंवा नंबर टाका, कोणत्या कौन्सिलकडे कोणत्या साली नोंद झाली ते दिसतं. आपल्या राज्यात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे ही नोंद दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. कॉलेजातली पोरं रील बघता बघता हे काम करून देऊ शकतात.

इथवरचं सोपं आहे. डिग्री खोटी असणारे थोडे, आणि ते पकडता येतात. माझं खरं भांडण खऱ्या डिग्रीच्या पाटीशी आहे. डीएम अस्सल, नंबर अस्सल, माणूस हुशार, तपासणी मन लावून केलेली. आणि तरी पेशंटला कळत नाही की डॉक्टर गेल्यापासून परत येईपर्यंतच्या महिन्यात त्याचं कोण. मेंदूच्या आजारात हाच महिना जड असतो.

फिटचंच घ्या. बहुतेक पेशंटच्या फिट नियमित गोळीने आटोक्यात राहतात. व्हॅल्प्रोएट, फेनिटोइन, कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम, ही नावं माझ्या कपाटात रोजची आहेत. या गोळ्यांची अट एकच, खंड पडू द्यायचा नाही. अचानक तोडली की फिट उसळून येते, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर जीवावरचं काम. आता व्हिजिट रद्द होते. कधी डॉक्टरांची कॉन्फरन्स, कधी त्यांच्याकडेच सीरियस पेशंट, कधी आमच्या नाल्याला पूर. बाई काउंटरवर येते. “गोया सरल्या भाऊ, डॉक्टर या बारीले आलाच नाही. थ्या पांढऱ्या गोया देऊन द्या.” चिठ्ठी संपलेली. कायद्याने मी ती गोळी नव्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. दिली नाही तर तिचा फिटवाला पोरगा उद्या फवारणीचा पंप पाठीवर घेऊन विहिरीच्या काठाने जाणार आहे. पाटीवर एक ओळ असती, की अडचण आली तर गावातल्या अमुक डॉक्टरला माझी फाईल दाखवा, ते चिठ्ठी वाढवून देतील, तर हा पेच माझ्या काउंटरवर आला नसता.

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी नाजूक. व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस गेले तर गर्भाला व्यंगाचा धोका असतो. पण फिटची गोष्ट सासरी सांगितलेली नसते, आणि गोळी बदलायची तर ती लग्नाच्या आधी, नीट बसून, डॉक्टरशी बोलून बदलायची असते. ‘आता दिवस गेले’ म्हणून घाबरून एका रात्रीत तोडून टाकली तर दोन्ही जिवांना धोका. हा प्रश्न घेऊन ती मुलगी महिनाभर थांबेल, की काउंटरपलीकडच्या माझ्यासारख्या पुरुषाला विचारेल?

आणि लकवा. याच्यावर मला राग येतो म्हणून लांबवतो. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोबडी वळली, की घरचे म्हणतात, रविवारी मोठा डॉक्टर येऊनच राह्यला, तवा दाखवू. मधल्या दिवसांत मालिश, झाडपाला, कुठल्या तरी गावचं लकव्याचं औषध. रक्ताची गाठ अडकून झालेल्या लकव्यात ती विरघळवणारं इंजेक्शन देता येतं ते साडेचार तासांच्या आत, आणि तेही सिटी स्कॅन करून डोक्यात रक्तस्राव नाही हे बघितल्यावरच. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. झरीच्या आतल्या पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, निघालं तर आधी डांबरी रस्त्याला लागण्यातच वेळ जातो. म्हणजे निर्णय घरातच, पंधरा मिनिटांत व्हायला हवा, आणि निघायचं ते जिथे स्कॅन आहे तिथे, जिथे फ्लेक्स लागला आहे तिथे नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली होती, २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दर सात मृत्यूंमागे एक लकव्याचा निघाला, सगळ्या कारणांत पहिला, आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली. खेड्यात लोक साप, मलेरिया, हगवणीने मरतात असं शहरात बसून वाटतं. शिवाय आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्या आजारात लहान लेकरालाही लकवा होऊ शकतो, हे आमच्याकडच्या किती आई-बापांना कोणी सांगितलं आहे?

म्हणून येणाऱ्या डॉक्टरांना माझं म्हणणं आहे की फोटो छोटा करा आणि त्या जागेत कामाचं छापा. लकव्यासाठी माझी वाट पाहू नका, तडक अमुक ठिकाणी जा. मी पेशंट कुठे भरती करतो, आणि तिथे महात्मा फुले जनआरोग्य योजना चालते का. फोनवर कोणत्या वेळेत मिळतो. मी नसताना इथला कोणता डॉक्टर बघेल. ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, कुठे काढायचा. फी किती, आणि पुन्हा दाखवायला आलं की किती. दिव्यांग प्रमाणपत्र माझ्याकडे मिळत नाही, ते सरकारी दवाखान्यातून. या शेवटच्या ओळीपायीच किती फेऱ्या वाचतील! पार्किन्सन म्हणजे कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, सेरेब्रल पाल्सी, हे मेंदू-नसांचे आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, पण माणूस प्रमाणपत्रासाठी खासगी डॉक्टरच्या दारात तीन-तीनदा उभा राहतो.

आणि पेशंटनेही फाईल मागून घ्यायला शिकावं. आपले कागद मागितले तर डॉक्टरने ७२ तासांत द्यायचे, असा त्याच नियमांत उल्लेख आहे. ‘ते नागपूरच्या दवाखान्यात आहेत’ हे उत्तर चालत नाही. निदान काय, गोळीचं नाव काय, किती मिलिग्रॅम, कधीपासून, एवढं एका पानावर घरी असलं तर रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयातला तरुण डॉक्टरही हातपाय न गळता काम करू शकतो. नाहीतर तो विचारतो कोणती गोळी, आणि आजी म्हणते, “पांढरी.”

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे मांडलं तर एका मित्राचं उत्तर आलं, “जास्त नियम दाखवशील तं येणारे डॉक्टरही येनं बंद करतीन.” त्याची भीती खोटी नाही. महिन्यातून एकदा का होईना येणारा माणूस गेला तर आमच्याकडे दुसरा कोणी रांगेत उभा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे, आणि बहुतेक त्यालाही. पण मी ज्या दोघा-तिघांशी बोललो त्यांतला एकही चिडला नाही. एकाने तर उलट मलाच विचारलं की इथे माझ्या मागे पेशंट सांभाळेल असा एमडी कोण आहे, नाव सांगा. मी नाव सांगितलं. दोघांची गाठ अजून पडलेली नाही, नागपूरच्या ओपीडीची आणि आमच्या बाजाराच्या दिवसाची वेळ जुळत नाही. पुढच्या फ्लेक्सची छपाई माझ्याच ओळखीच्या प्रेसमध्ये आहे. मजकूर मी आधी मागवून घेतला आहे, बघू किती ओळी शिरतात.