कुपीतलं एन्झाइम म्हणजे यकृत नव्हे

‘मानवी यकृताचं एन्झाइम आता कुपीत मिळतं. त्यात औषध टाका, शरीरात त्याचं काय होणार ते लगेच कळतं. बाकीच्या चाचण्या म्हणजे वेळकाढूपणा.’ हा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. मी औषधांच्या चयापचयावर काम करतो, या कुप्या सतत वापरतो आणि त्यांचं मोल जाणतो. म्हणूनच त्यांच्या नावावर नको ते खपवलेलं मला सहन होत नाही.

‘हे एन्झाइम मृत माणसांच्या यकृतातून काढतात.’

नाही. मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत, किंवा बॅक्युलोव्हायरसच्या मदतीने कीटकांच्या पेशींत घालतात. त्या पेशी प्रथिन, म्हणजे ते एन्झाइम, तयार करतात आणि आपण ते ज्यांत बसलेलं असतं ती त्यांची पटलं वेगळी करून घेतो. दान केलेल्या, पण प्रत्यारोपणाला न चाललेल्या यकृतांपासून बनतात ते मायक्रोसोम, म्हणजे यकृताच्या पेशींतल्या, एन्झाइमं धरून ठेवणाऱ्या पटलांचे बारीक तुकडे. ती निराळी वस्तू. दोन्ही उणे ८० अंशांच्या एकाच फ्रीझरमध्ये असतात, एवढंच साम्य.

‘कुपीतल्या एन्झाइमने औषध मोडलं, म्हणजे यकृतातही तेच मोडणार.’

सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. माणसात सायटोक्रोम पी४५० या, औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांच्या कुटुंबाची ५७ जनुकं आहेत, आणि कुपीत त्यांपैकी एकाच जनुकाचं प्रथिन असतं. ही तिची ताकद आहे. गर्दीतून एकाला बाजूला घेऊन ‘हे काम तुला जमतं का?’ असं विचारता येतं. पण जमणं वेगळं आणि प्रत्यक्षात करणं वेगळं. समजा, याच कुटुंबातल्या सीवायपी३ए४ आणि सीवायपी२डी६ या दोघांनी एका पिकोमोलमागे, म्हणजे एन्झाइमच्या सारख्याच प्रमाणामागे, सारख्याच वेगाने औषध मोडलं. आलेखावर दोघं बरोबरीचे दिसतील. यकृतात मात्र ३ए४ हे २डी६ च्या कित्येक पट असतं, त्यामुळे बहुतेक काम तेच उरकेल. शिवाय पी४५० ला इलेक्ट्रॉन पुरवणारं रिडक्टेज यकृतात तुलनेने तुटपुंजं असतं. कुपीत ते बऱ्याचदा भरपूर घातलेलं असतं, म्हणून तिथला वेग जसाच्या तसा यकृताला लावता येत नाही. कुपीचं उत्तर आल्यावर आम्ही तेच औषध मायक्रोसोममध्ये घालतो, क्विनिडीनने २डी६ किंवा कीटोकोनॅझोलने ३ए४ रोखतो आणि औषध मोडण्याचा वेग किती घटतो ते पाहतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या, तरच त्या एन्झाइमचं नाव अहवालात जातं.

‘कुपीत काहीच घडलं नाही, तर काळजी नाही.’

आधी एनएडीपीएच, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा सहाय्यक रेणू, घातलं होतं ना, ते पाहा. त्याच्याशिवाय पी४५० हलतच नाही. आणि औषध मोडणारं एन्झाइम पी४५० कुटुंबाबाहेरचं, म्हणजे ग्लुकुरॉनिडेशनचं किंवा अल्डिहाइड ऑक्सिडेज असेल, तर पी४५० ची कुपी गप्पच बसणार. तसंच, क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन पेशीला जास्त ३ए४ तयार करायला लावतं. कुपीत तो परिणाम दिसणं शक्य नाही, कारण तिथे जिवंत पेशीच नाही.

‘आता प्राणी नकोत, माणसांवरच्या चाचण्याही नकोत.’

यातली अर्धी गोष्ट मला पटते. उंदराकडे माणसाचं ३ए४ नाही, त्याची स्वतःची भावंडं आहेत आणि ती वेगळी वागतात. मानवी एन्झाइम हाताशी असण्याचं महत्त्व इथेच कळतं. टर्फेनाडिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची आठवण ठेवा. त्याला ३ए४ हे एन्झाइम मोडतं. कीटोकोनॅझोलसोबत घेतलं की ते रक्तात साचायचं आणि हृदयाची लय बिघडायची. अमेरिकेच्या बाजारातून ते १९९८ मध्ये गेलं. त्यापासून शरीरात बनणारं फेक्सोफेनाडिन मात्र आजही वापरात आहे. अशी टक्कर आज कुपीत आधीच हेरता येते, आणि हेरलीच पाहिजे.

पण माणसांवरच्या चाचण्या टाळता येत नाहीत. कुपीत सहसा २डी६ चं एकच, नेहमीचं रूप असतं. माणसांत तसं नाही. काहींचं हे जनुक निकामी असतं, त्यांच्यात कोडीन या वेदनाशामकापासून मॉर्फिन जवळजवळ बनतच नाही आणि दुखणं तसंच राहतं. काहींकडे त्याच जनुकाच्या जादा प्रती असतात, त्यांच्यात नेहमीच्या मात्रेतूनही घातक इतकं मॉर्फिन तयार होऊ शकतं. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीन दिलेली मुलं यातूनच दगावली, आणि २०१३ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यावर आपला सर्वांत कडक इशारा लावला. ती मुलं कोणत्याही कुपीत दिसली नसती.