लातूरचं ऊन आणि दोनशे ग्रॅमचा पापड

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितोय. वाचा नाहीतर पुढं सरका.

सकाळी गल्लीतला एक पोरगा ग्रामोफोनची रेकॉर्ड घेऊन आला. किंग क्रिमसन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग' अल्बमची नवी आवृत्ती, स्टिकरवर तबकडीचं वजन ठळक: २०० ग्रॅम. कुरिअरच्या पत्र्याच्या गोदामात दोन दिवस पडून होती, घरी आली तेव्हा कडेनं पापडासारखी उचललेली. इथवर दोष त्याचा नाही. पण मग या बहाद्दरानं नेटवर वाचून ती दोन काचांमध्ये दाबली आणि गच्चीवर उन्हात ठेवली. मे महिन्यात. लातुरात. "काका, सगळे असंच सांगायलेत की," म्हणे.

सगळे म्हणजे कोण? ज्यांच्याकडं कडक ऊन म्हणजे आपल्या दिवाळीतलं सकाळचं ऊन! रेकॉर्ड पीव्हीसी प्लास्टिकची असते आणि साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडायला लागते. आपल्याकडं सावलीत बेचाळीस; काचेखाली, काळ्या तबकडीवर, स्लॅबच्या गच्चीवर किती होत असेल याचा हिशेब करा. तबकडी सपाट झाली, हो. पण कडेची दोन बोटं जागा काचेला घट्ट दाबली गेली, तिथली चमक गेली. आवाज ज्यात कोरलेला असतो त्या खाचांच्या भिंती वितळून बसल्यात. आता तिथं सुई गेली की फस्स.

आणि ते २०० ग्रॅम! साधी रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची असते. जाड तबकडी हाताला बरी लागते, एवढंच. खाच तेवढीच खोल, आवाज तोच, ऊन लागलं की वाकणंही तेच. विचारायचं असेल तर हे विचारा: हिची खाच कापली कुठल्या टेपवरून? या अल्बमची मूळ स्टिरिओ मास्टर टेप, म्हणजे स्टुडिओतली पहिली पक्की टेप, कित्येक वर्षं हरवलेली होती, तोवरच्या आवृत्त्या प्रतींच्या प्रतींवरून निघत राहिल्या. ती सापडल्यावर २००४ ची आवृत्ती आली. २००९ मध्ये स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकारानं मल्टिट्रॅकवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळी नोंदवलेल्या टेपांवरून, सगळं नव्यानं मिसळलं. रीमास्टर म्हणजे त्याच चित्राची काच पुसणं. रीमिक्स म्हणजे चित्रातली माणसं हलवणं. विल्सनचं जास्त स्वच्छ आहे, मान्य. पण पाकिटावर 'रीमास्टर' आणि 'रीमिक्स' यांतलं काय छापलंय, ते न वाचता पैसे मोजू नका.

परत त्या पोराकडं. रेकॉर्ड हातात आल्याबरोबर त्यानं वरचं घट्ट प्लास्टिक काढायला पाहिजे होतं. ते उन्हानं आकसतं आणि स्वतःच तबकडी वाकवतं. सगळ्या रेकॉर्डी उभ्या ठेवा, अगदी सरळ, एकमेकींवर रेलून नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर नको, खालच्या खोलीतल्या खालच्या कप्प्यात. गाडीत पाच मिनिटंसुद्धा नको. वाकलीच तर दोन जाड काचांमध्ये, वर चार जाड पुस्तकं, खोलीच्या सावलीत, तीन-चार आठवडे. थोडं वाकणं कमी होतं, सगळं जात नाही. आणि मागवायचीच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत मागवा ना बाबांनो!

धुण्याचं पण तेच. ज्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं रेकॉर्ड धुण्यावर बोलणं चैनीचं वाटेल, पण लागतं एक ग्लासभर. बोअरचं पाणी मात्र अजिबात नको. बादलीला जो पांढरा थर बसतो तोच खाचेत बसतो आणि मग आयुष्यभर तडतड. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणा. बाटली नीट वाचून घ्या, शेजारीच अ‍ॅसिड ठेवलेलं असतं. ८०० मिली पाणी, २०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. मायक्रोफायबरचं फडकं खाचेच्या दिशेनं गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा पुसायचं. वाळेपर्यंत पंखा बंद, नाहीतर काळ्या मातीची धूळ परत तिथंच. आजोबांच्या ७८ च्या तव्यांना (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, लाखेच्या रेकॉर्डींना) हे लावाल तर त्यातली लाख विरघळेल, त्यांना अल्कोहोल नाही म्हणजे नाही.

सुईचं वजन. सुटकेसमधल्या खेळण्यासारख्या स्वस्त प्लेअरच्या सुईचा दाब पाच ग्रॅमच्या वर जातो, त्यावर ही रेकॉर्ड लावू नका, विषय संपला. एटी-व्हीएम९५ई सारख्या कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) २ ग्रॅम. आधी टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, हवेत तरंगेल असा मागचा काउंटरवेट (तोलाचं वजन) फिरवा, तिथं आकडा शून्यावर आणा, मग २ वर न्या, अँटीस्केटिंग (दांडा आत ओढला जाऊ नये म्हणून असलेली खुंटी) पण तेवढंच. "हलकं ठेवलं तर झिजत नाही" हा भ्रम आहे. हलकी सुई खाचेत आदळते आणि भिंत छिलते.

या अल्बमच्या पहिल्या गाण्यातला गायकाचा आवाज फाटलेला ऐकून वजन चाळवू नका, तो मुद्दाम तसाच रेकॉर्ड केलाय. सुई तपासायची तर दुसऱ्या बाजूला. 'मूनचाइल्ड'मधलं गाणं थोडक्यात संपतं आणि पुढं मिनिटंच्या मिनिटं बारीक टुणटुण, तिथं धूळ उघडी पडते. नंतरचं शीर्षकगीत अगदी आतल्या खाचांत संपतं. कडेला खाच सेकंदाला पन्नास सेंटिमीटर पळते, आत जेमतेम एकवीस, म्हणजे आवाज तिथं दाटीत बसतो, आणि नेमकं तिथंच मेलोट्रॉनचं (टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचं) ते भलं मोठं शिखर. कार्ट्रिज तिरकं बसलं असेल तर तिथं कोरस चिरकतो. प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची पट्टी) लावून बसवा.

कुणी म्हणेल, मोबाइलवर हे सगळं फुकटात, बिनखरखरीचं ऐकू येतं. येतं. पुढं.

आता राग उतरलाय. पोराचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून लावून बघितली. पहिलं गाणं गेलं, ते सोडून द्यायचं. पण भाजलीय ती कड. आतली जागा वाचलीय. पहिल्या बाजूचं शेवटचं 'एपिटाफ' सुरेख वाजलं, आणि दुसऱ्या बाजूचं शेवटचं शिखरसुद्धा न चिरकता. पोरगा दोन्ही वेळा जमिनीवर बसून होता.

काचा मात्र मी ठेवून घेतल्यात. पावसाळा लागला की देईन.