आधी पाखरे, मग मोहरी

घरोघरच्या प्रार्थनासभेची पाळी आपल्याकडे येणार हे आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना दोन महिने आधीपासून ठाऊक असते, आणि तरीही ती येते तेव्हा सोफ्याच्या खोळी धुतलेल्या नसतातच. यंदा मात्र खोळींपेक्षा मोठे संकट ओढवले. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे आणि उत्साहाने त्याच्या दुप्पट आहेत. रविवारची उपासना संपल्यावर दारात हस्तांदोलन करताना त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही. "काका, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे सभा आहे, तर दहा मिनिटांचा बोध या वेळी तुम्हीच द्या. विषय आहे 'सृष्टीत आणि रोजच्या जगण्यात भेटणारा देव'. तुमची एवढी बाग आहे, तुम्हाला काय अवघड?"

बाग म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीतल्या सहा कुंड्या. त्यांपैकी एकीत कोरफड आहे, जिला मारणे मला अद्याप जमलेले नाही. दुसरीत कढीपत्ता आहे, जो तीन वर्षांपूर्वी वीतभर होता आणि आजही वीतभरच आहे. उरलेल्या चारांत माती आहे. पण मागच्या नाताळात केक खाता खाता मी कुणाला तरी 'निवृत्तीनंतर बागेत छान वेळ जातो' असे बोलून गेलो होतो, आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या गोतावळ्यात, बोलून गेलेले वाक्य पाळकसाहेबांच्या कानी पडायला महिला संघाची एक बैठक पुरते.

बरे, 'सृष्टी हा माझा विषय नव्हे' असे म्हणून सुटावे, तर तीही सोय नाही. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. त्याला आता अहिल्यानगर म्हणायचे आणि जीभ वळेपर्यंत नगर म्हणून बसायचे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली तिथे आपले ठाणे उभे केले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांना सारा महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर कितीतरी वर्षे त्याच गावी राहिले. त्यांची भजने आम्ही आजही पेटी आणि टाळांच्या साथीत म्हणतो. अशा गावाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पानाफुलांत देव दिसत नसेल, तर दोष डोळ्यांचाच धरला जातो. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशनही झालेले असल्यामुळे ती सबबसुद्धा उरली नव्हती.

पहिला विचार अर्थातच रानातल्या फुलांचा आला. ती फुले कशी वाढतात ते पाहा, ती कष्ट करत नाहीत की सूत कातत नाहीत, तरी शलमोन राजालाही त्याच्या वैभवाच्या काळात असा पोशाख लाभला नव्हता, असे येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, या फुलांना 'भुकमळे' म्हटले आहे. हा शब्द मी लहानपणच्या शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या वर्गापासून, निदान पाचशे वेळा ऐकला आहे, आणि पाचशेही वेळा, भुकमळ आमच्या परसात उगवत असल्यासारखी मान डोलावली आहे. आता निदान एक रोप सभेत मांडून ठेवावे म्हणून मी रोपवाटिकेत गेलो आणि ठसक्यात भुकमळ मागितले. रोपवाटिकेतल्या माणसाने माझ्यापेक्षाही सराईतपणे मान डोलावली, "सीझनला येतं, काका," असे सांगितले आणि मला एक मनी प्लांट विकला. गालीलच्या टेकड्यांवर वसंतात फुलणारी तांबडी ॲनिमोनची फुले ती हीच असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात हे मला नंतर समजले. पण तोवर मनी प्लांट घरी आला होता आणि त्याचा एकही दृष्टान्त शास्त्रात नाही.

तेव्हा मी मोहरीकडे वळलो. मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त कुणाला ठाऊक नाही? दाणा अगदी बारीक, पण पेरला की वाढून झाडाएवढा होतो, आणि आकाशातली पाखरे येऊन त्याच्या फांद्यांत राहतात. स्वर्गाचे राज्य तसे आहे. यात खर्च नव्हता आणि सामानही घरात होते. बायकोच्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मोहरी घेऊन मी ती मातीच्या कुंडीत पेरली, पाणी घातले, आणि महिन्याभरात हातभर रोपे होतील, ती कुंडी सभेत मधोमध ठेवून आपण बोलू, असे चित्र मनाशी रंगवून झोपलो. सभेला अजून पुरता महिना होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर कुंडीत पारव्यांची जोडी बसली होती.

दृष्टान्तात क्रम स्पष्ट आहे. आधी दाणा, मग रोप, मग झाड, मग फांद्या आणि सर्वांत शेवटी पाखरे. आमच्या पाखरांना एवढा धीर नव्हता. त्यांनी पेरलेले दाणे बहुधा सकाळच्या न्याहारीत संपवले होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत संसार थाटायला घेतला होता. त्यांचे घरटे पाहून माझ्यातला कर्ज विभागाचा निवृत्त अधिकारी हळहळला, कारण एवढ्या तारणावर कुणी पंचवीस रुपयेही दिले नसते: तीन काड्या, खराट्याचे दोन हीर आणि केबलवाल्याने कापून टाकलेला तारेचा एक तुकडा. त्यावर एक पांढरे अंडे होते. दोन दिवसांनी दुसरे आले.

मी खराटा उचलला, हे कबूल केले पाहिजे. पण स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली, तिने खराट्याकडे पाहिले, अंड्यांकडे पाहिले आणि पिलांच्या ओढीने धडपडत घरट्याकडे परतणाऱ्या जखमी पक्षिणीची टिळकांची ती कविता, जी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत घोकली आहे, संथ सुरात म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला मी खराटा खाली ठेवला. स्वतःच्या गावच्या कवीविरुद्ध माणूस काय बोलणार?

पुढचे अठरा दिवस मी माझ्याच बाल्कनीत परका झालो. दोरीवर कपडे वाळत घालायचे तर चोरपावलांनी जायचे, कोरफडीला पाणी घालायचे तर अंतर राखून घालायचे, आणि एवढे करूनही पंखाचा फटका खायचा. चतुराई सापाची असावी आणि निरुपद्रवीपणा कबुतराचा, असा उपदेश येशूने शिष्यांना केला आहे. त्या वचनाबद्दल मला पूर्ण आदर आहे. फक्त ते पुण्यातल्या बाल्कनीत उभे राहून वाचू नये. मुंबईत २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावर महानगरपालिकेने ताडपत्री घातली आणि लोकांनी ती फाडली, तेव्हा दोन्ही बाजूंची माणसे एवढी का तापली आहेत हे मला कळत नव्हते. आता दोन्ही बाजू कळतात, आणि सकाळी एक व संध्याकाळी दुसरी पटते.

बोधाची तयारी म्हणून मी रोज वही घेऊन खिडकीच्या आत बसू लागलो. सृष्टीत देव शोधायचा तर निदान नोंदी तरी असाव्यात, ही बँकेची सवय. पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात आली. रात्रभर अंड्यांवर मादी बसते. सकाळी दहाच्या सुमारास नर येतो, तिला उठवतो आणि स्वतः बसतो. दुपारी चार-साडेचारला ती परत आली की तो उठून जातो. म्हणजे अगदी बँकेची वेळ! मी छत्तीस वर्षे हीच वेळ पाळली, पण जेवणाची सुट्टी न घेता आणि 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' असे एकालाही न सांगता मी कधी बसलो नाही. नर बदलीला यायला एके दिवशी पाऊण तास उशीर झाला तेव्हा मी खिडकीतून दोनदा डोकावलो आणि 'अजून कसा आला नाही' असे मोठ्याने म्हणालो. बायकोने बाहेर पाहिले आणि माझ्याकडेही पाहिले. तिची मते तिने मनातच ठेवली.

अठराव्या दिवशी पिले बाहेर आली. केलेले सर्व काही फार चांगले आहे असे देवाने पाहिले, असे बायबलातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात लिहिले आहे. पारव्याचे दोन दिवसांचे पिलू समोर ठेवून हे वचन वाचायला खरा विश्वास लागतो. अंगावर पिवळे विरळ केस, मिटलेले डोळे, आणि चेहऱ्याला न शोभणारी भलीमोठी चोच. मी तोंड फिरवले. बायको म्हणाली, "असं करू नका. आपला थोरला झाला तेव्हा तुम्ही असंच तोंड केलं होतं." मग तिने कुठेतरी ऐकलेली आणखी एक माहिती पुरवली. ती मी खातरजमा करून घेतली आणि खरी निघाली: पारव्यांत पिलांना पाजायचे दूध नर आणि मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत तयार होते आणि दोघेही पाजतात. ही माहिती पुढचे चार दिवस आमच्या घरात निरनिराळ्या निमित्ताने पुन्हा पुन्हा सांगितली गेली.

सभेचा शनिवार उजाडला तेव्हा पिले सहा दिवसांची होती आणि माझ्या वहीत आगमन-निर्गमनाच्या नोंदींशिवाय एक ओळ नव्हती. सतरंजी अंथरली, सोफा भिंतीला सारला, महिला संघाच्या भगिनींनी बाल्कनीचे दार उघडून 'अय्या, किती गोड' असे म्हटले आणि वास येताच ते चटकन लावून घेतले. भजने झाली. पाळकसाहेबांनी प्रारंभीची प्रार्थना सुरू केली, आणि ती नेहमीप्रमाणे लांबत चालली असता बाल्कनीतून प्रत्येक विनंतीनंतर 'घूं, घूं' असा भरदार होकार येऊ लागला. मी एक डोळा किलकिला करून पाहिले, तर माझ्यासारखेच अर्धी मंडळी एक डोळा किलकिला करून पाहत होती. आजाऱ्यांसाठी 'घूं'. परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी 'घूं'. मंडळीच्या थकलेल्या वर्गणीसाठी मात्र आवाज आला नाही, आणि खजिनदारांनी निःश्वास सोडलेला सर्वांना ऐकू आला.

मग मी उभा राहिलो. मोहरीची कुंडी मधोमध नव्हती, भुकमळ नव्हते, आणि सुचेल ते बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून मी हिशेबाचे बोललो, कारण मला तेवढेच येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्यांची किंमत एक दमडी आहे. लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्यांना दोन दमड्या पडतात. गणित कुणीही करावे: चार चिमण्यांचे दोन दमड्या झाले, म्हणजे पाचवी फुकट. दुकानदाराने वर टाकलेली, जिच्या नावावर वहीत एक पैसा नाही, अशी ती चिमणी. आणि त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू म्हणतो, ते पाचांचा भाव सांगूनच. बँकेत माझ्या टेबलावर आता जो मुलगा बसतो, त्याला माझे नाव ठाऊक नाही, परवा हयातीचा दाखला द्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्याच देखत विचारले, "हे पेन्शनर आले आहेत का?" त्या दिवसापासून मला या पाचव्या चिमणीबद्दल विशेष आपुलकी आहे. एवढे बोलून मी थांबलो. घड्याळात चार मिनिटे झाली होती. कुणीही तक्रार केली नाही, मागच्या रांगेतल्या एका वृद्ध मावशींनी पदराने डोळे टिपले आणि चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन विचारले, "पण भाऊ, दमडी म्हणजे आताचे किती?"

पिले आणखी महिनाभर राहिली. नोहाने तारवातून कबुतर सोडले, ते आधी परत आले, दुसऱ्यांदा चोचीत जैतुनाचे पान घेऊन आले आणि तिसऱ्यांदा परतलेच नाही, यातला शेवटचा भाग किती समाधानाचा आहे हे मला तोवर कधी जाणवले नव्हते. एका सकाळी धाकटे पिलू कठड्यावर बसले, खाली पाहून त्याने बराच विचार केला आणि समोरच्या इमारतीच्या टाकीपर्यंत वेडेवाकडे का होईना, उडून गेले. मी टाळी वाजवली. मग लगेच फोन करून जाळीवाल्याला बोलावले.

जाळीवाला दुसऱ्या दिवशी आला, तोवर मी बाल्कनी फिनेलने दोनदा धुतली होती. पारव्यांच्या कुंडीच्या कडेला, घाणीच्या थराखालून, मोहरीची दोन कोवळी रोपे वर आलेली होती. न्याहारीतून सुटलेले दाणे असावेत. ती मी जाळीवाल्याला कौतुकाने दाखवत होतो, पण त्याचे लक्ष नव्हते. तो शिडीवर चढून मनी प्लांटच्या कुंडीत वाकून पाहत होता.

"काका," तो म्हणाला, "इथं एक अंडं आहे. जाळी आज लावायची, का अठरा दिवसांनी येऊ?"